काळ्या मातीत लाकडी समरहाऊस बसवायचंय, खाली बेस कसा घेऊ? (गिरणारे साइड, नाशिक)

मळ्यातला_पाहुणा · १२ एप्रिल

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

गिरणारेच्या अलीकडे वडिलांची २० गुंठे जमीन आहे. अर्धी शेजारच्या काकांना कसायला दिलीये, उरलेल्यात आंब्याची सहा झाडं, थोडा भाजीपाला, आणि रविवारी आम्ही डबे घेऊन जाऊन बसतो एवढंच. तिथे १२ बाय १० फुटाचं लाकडी समरहाऊस बसवायचं ठरलंय, तीन बाजूंनी खिडक्या, वर उतरतं पत्र्याचं छप्पर. आई त्याला खोपटं म्हणते, बायको गझिबो म्हणते आणि सुतार कॉटेज म्हणतो (म्हणून कॉटेजचा भाव लावलाय). सातपूरला फ्रेम तयार होतेय, मेच्या शेवटी आणून उभी करणार.

प्रॉब्लेम जमिनीचा आहे. माती काळी, एकदम लोण्यासारखी. आत्ता एप्रिलात भेगा अशा पडल्यात की काल मुलाचा हात कोपरापर्यंत आत गेला आणि त्याची क्रिकेटची बेल पण आत गेली, ती काही निघाली नाही. पावसाळ्यात त्याच जागेवर चप्पल काढून चालावं लागतं, नाहीतर चप्पल तिथेच राहते.

गवंडी म्हणतो, साहेब हलकी वस्तू आहे, वरची माती सारखी करतो, ४ इंच पीसीसी (बिनसळईचं साधं काँक्रीट) ओततो, झालं काम, दोन दिवसात मोकळे. पण तीन वर्षांपूर्वी अवजारं ठेवायला पत्र्याची शेड अशीच सपाटीवर पेव्हर टाकून उभी केली होती, तिचं दार आता पावसाळ्यात लागत नाही आणि उन्हाळ्यात लागलं तर उघडत नाही. त्यामुळे लाकडाचं महागडं काम त्याच पद्धतीने करायला जीव धजत नाहीये. मृगाच्या आधी उरकायचंय. कोणी केलंय का असं काही?

दिंडोरीचा_बागायतदार · १२ एप्रिल

एवढा काय विचार करता राव. दोन ट्रॉल्या मुरूम टाका, पाणी मारा, धुम्मस मारून ठोकून बसवा, वर शहाबादी फरशी. आमचं द्राक्षाचं पॅकिंगचं शेड असंच आहे आठ वर्षं झाली.

ओळंबा · १२ एप्रिल

दिंडोरीकर, तुमच्याकडे खाली काय आहे ते पण सांगा ना. माळावरची मुरमाड जमीन असेल तर मुरूम न टाकता पण शेड उभं राहील :)

दिंडोरीचा_बागायतदार · १२ एप्रिल

हो मुरमाड आहे. पकडलंत.

निवृत्त_सिव्हिल · १३ एप्रिल

पाहुणे, तुमच्या शेडच्या दाराने सगळा रिपोर्ट आधीच दिलेला आहे, आपण फक्त वाचायचा. पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते ती ही माती. आपला सगळा दख्खनचा काळा दगड झिजून झालेली, त्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि ते एकमेकांपासून लांब जातात. पाणी गेलं की परत जवळ येतात. तुमच्या मुलाची बेल त्याच फटीत गेली.

आता गवंड्याचं "हलकी वस्तू आहे" हे वाक्य घ्या. नेमकं उलट आहे. तीन मजली इमारतीचं वजन खालच्या मातीला दाबून तरी धरतं, तुमच्या खोपट्याला (आईंचा शब्द बरोबर आहे) माती सहज उचलते. काळ्या मातीत सगळ्यात जास्त कटकट देतात ती हलकी बांधकामंच. कंपाउंड वॉल, एक मजली घरं, ओटे, फुटपाथ. ४ इंचाच्या पीसीसीखालची माती मध्ये कोरडी आणि कडेला ओली झाली की कडा वर येतात, मध्ये तडा जातो, आणि त्या तड्यातून पुढच्या वर्षी पाणी थेट पोटात जातं.

काही ठरवायच्या आधी तीन गोष्टी करा.

एक, जागेवर २ बाय २ चा खड्डा घ्या आणि मुरूम लागेपर्यंत खाली जा, किती फुटावर लागला ते सांगा. दुसरं, त्याच्या शेजारी फूटभर खोल छोटा खड्डा घेऊन पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा आणि दुसऱ्यांदा भरल्यावर पाणी किती तासात किती उतरतं ते मोजा. पहिल्या वेळचं मोजू नका, ते भेगांमध्ये पळतं आणि फसवतं.

तिसरं जरा गमतीचं आहे. माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळून दोन सारख्या बाटल्यांमध्ये सारखी सारखी घाला, एकात पाणी आणि एकात रॉकेल. हलवून २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हीतला फरक म्हणजे तुमची डोकेदुखी. लॅबमध्ये हेच १० ग्रॅम माती घेऊन काचेच्या नळ्यांमध्ये करतात.

चहा_कमी_साखर · १३ एप्रिल

रॉकेल आणायचं कुठून काका, ते पण सांगा. नवीन पिढीला स्टोव्ह माहीत नाही.

मळ्यातला_पाहुणा · २० एप्रिल

झाले तिन्ही प्रयोग. रॉकेल शेवटी कंपनीतल्या एका मित्राच्या गॅरेजमध्ये मिळालं.

पहिला खड्डा: वरची सव्वातीन फूट निव्वळ काळी, त्याखाली फूटभर पिवळट चिकट, त्यात चुनखडीचे खडे, आणि साडेचार फुटावर पहार टणकन वाजली, मुरूम. खणणारे दादा म्हणाले एवढं खोल कशाला, विहीर घेताय का.

दुसरा खड्डा: सकाळी ९ ला दुसऱ्यांदा भरला, दुपारी १ ला पट्टी घातली, २ इंच उतरलं होतं फक्त. दुसऱ्या दिवशी गेलो तरी तळाला पाणी होतं आणि त्यात कुत्रं पाणी पीत होतं.

तिसरा: मुलाच्या जुन्या दुधाच्या बाटल्या वापरल्या कारण त्यावर मिलीचे आकडे असतात (घरी यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही, बाटल्या आता माझ्याच झाल्या). दोन्हीत ५०-५० ग्रॅम माती. दुसऱ्या दिवशी रॉकेलवालीत माती ५० मिलीच्या खुणेला बसली होती आणि पाण्यावालीत ९० च्या. म्हणजे ८० टक्के??

निवृत्त_सिव्हिल · २० एप्रिल

हो ८०. घरगुती माप आहे म्हणून १०-१५ इकडेतिकडे धरा, तरी ५० च्या वर गेलं की मी सावध होतो. या मातीवर सपाट काहीही ओतू नका.

देवळालीची_मनी · २१ एप्रिल

मी सांगू का, आम्ही काय केलं ते. कारण प्रत्येक जण तुम्हाला हेच सांगणार आहे, "फूटभर खणा, खडी भरा, पाणी खाली जिरून जाईल".

आमचा झोपाळा आहे बागेत, लोखंडी, चार माणसं बसतील असा, वर छत. त्याच्या खाली आम्ही १० बाय ८ ची फूटभर खोल माती काढली, ४० एमएमची खडी भरली, वर बारीक खडी, वर शहाबादी. इतकं सुंदर दिसत होतं मे महिन्यात की सगळ्यांना फोटो पाठवले. ऑगस्टमध्ये फरशीवर पाय ठेवला की फटीतून पाणी पुचकन वर यायचं. मला वाटलं वरून पडलेलं पाणी असेल. शेवटी एक फरशी उचलली तर खाली खडी दिसेना, पाणीच, अगदी फरशीच्या पोटाला लागेपर्यंत, आणि त्यात दोन बेडूक, एक मोठा एक लहान, माझ्याकडे बघत होते जसं काही मीच त्यांच्या घरात शिरले. झोपाळ्याचे दोन पाय तोपर्यंत दीड इंच खचले होते.

झालं काय, तर माझ्या मातीत पाणी जिरतच नाही. मी खड्डा खणून त्यात खडी भरली म्हणजे मी हौद बांधला, फक्त त्यात दगड घातले. चारी बाजूंच्या बागेचं पाणी आयतं त्यात येऊन बसलं आणि पार दिवाळीपर्यंत बसलं.

ओळंबा · २१ एप्रिल

मनीताईंचा हा अनुभव फ्रेम करून लावा कोणीतरी. मी लँडस्केपिंगची कामं घेतो, गंगापूर रोड, मखमलाबाद, पाथर्डी फाटा सगळीकडे, आणि दर पावसाळ्यात किमान दोन असे हौद उपसतो.

खडी पाणी पीत नाही हो. खडी फक्त पाण्याला जागा देते. मग ते तिथून कुठे जाणार याचं उत्तर तुमच्याकडे पाहिजे. खाली मुरूम असेल तर खाली जाईल, काळी असेल तर बाजूने काढून द्यावं लागेल, उताराने, पाइपाने, बाहेर. पाहुणे, तुमच्या ४ तासात २ इंचावरून सांगतो, शोषखड्ड्याचा विचार पण करू नका. प्लॉटचा उतार कुठे आहे? आणि पाणी शेवटी सोडायला ओढा, ओघळ, नाला काही आहे का?

मळ्यातला_पाहुणा · २२ एप्रिल

पूर्वेला उतार आहे आणि आमच्याच हद्दीच्या कडेने ओघळ जाते, पुढे ओढ्याला मिळते. लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) धरून बघितलं काल, समरहाऊसच्या वरच्या कोपऱ्यापासून ओघळीच्या काठापर्यंत जमीन २ फूट ३ इंच उतरते. पहिल्यांदा ३ फूट १ इंच आलं होतं, मग कळलं ट्यूबमध्ये बुडबुडा अडकला होता. अंतर साधारण ७० फूट.

आणि मुरूम दाबून भरला तर? दिंडोरीकर म्हणतात तसं, पण खाली काळी काढून?

निवृत्त_सिव्हिल · २२ एप्रिल

मुरूम आणि खडी या दोन वेगळ्या कामाच्या वस्तू आहेत, लोक एकाच दमात नाव घेतात. चांगला दाबलेला मुरूम पाणी आत घेत नाही, अंगावरून सांडून देतो. खडी पाणी आत घेते आणि वाहू देते. म्हणून मुरूम वर, घराच्या खाली, कासवाच्या पाठीसारखा मध्ये उंच कडेला उतरता. आणि खडी कडेच्या चरात. लोक उलटं करतात, खाली खडी वर मुरूम, मग मुरमाची माती खडीत उतरते आणि दोन्ही वाया.

न फुगणाऱ्या मातीचा थर देऊन काळ्या मातीला आवर घालता येतो यावर आयआयटी मुंबईत प्रा. कट्टींनी खूप काम केलंय, कालव्यांच्या अस्तराखाली ते वापरतात. पण तो थर जाड लागतो, खोपट्यासाठी एवढं खणणं परवडणार नाही.

तुम्हाला मी सांगीन, जमिनीवर बसूच नका. पायांवर उभे राहा. साडेचार फुटावर मुरूम आहे ना, मग नऊ खड्डे घ्या, तीन ओळी तीन रांगा, १२ फुटाच्या बाजूने ६-६ वर, १० च्या बाजूने ५-५ वर. प्रत्येक दीड बाय दीड, मुरमात ६ इंच आत. तळाला पीसीसी, त्यावर फूटभराचा चौकोनी खांब, मध्ये चार सळ्या, जमिनीच्या वर फूटभर काढा. आणि महत्त्वाचं, खांबाच्या भोवती तीच काळी माती परत लोटू नका! गवंडी हमखास लोटतो कारण ती तिथेच पडलेली असते. वाळू नाहीतर मोकळा मुरूम भरा, म्हणजे बाजूची माती फुगली तरी खांबाला धरून वर ओढणार नाही. वरचे ६ इंच मात्र दाबून बंद करा, नाहीतर प्रत्येक खांबाभोवती मनीताईंचे बेडूक.

मोठ्या कामांना यासाठी रुरकीच्या सीबीआरआयने (केंद्रीय इमारत संशोधन संस्था) अंडर-रीम्ड पाइल काढली, खाली फुगवटा असलेली, म्हणजे माती वर ओढायला लागली तर तो फुगवटा जहाजाच्या नांगरासारखा धरून ठेवतो. तुम्हाला तेवढं नको.

दिंडोरीचा_बागायतदार · २३ एप्रिल

मधली मोकळी जागा म्हणजे सापाला आमंत्रण हो. आमच्याकडे घोणस निघते वर्षाला एक तरी. गिरणारे साइडला बिबट्या पण फिरतो.

ओळंबा · २३ एप्रिल

बिबट्या फूटभर फटीत मावत नाही. सापासाठी चारी बाजूंनी बारीक भोकांची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) जाळी, खाली मातीत ६ इंच गाडायची. पण वीट लावून बंद करू नका, खालून वारं फिरलं पाहिजे. लाकूड ओल्याने कुजतं त्यापेक्षा कोंडलेल्या ओल्याने जास्त कुजतं. खांबाच्या डोक्यावर लोखंडी प्लेट, त्यावर लाकूड, म्हणजे वाळवीला मातीतून थेट चढता येत नाही, आणि आली तरी प्लेटच्या कडेने मातीची नळी बांधत येते ती दिसते. महिन्यातून एकदा वाकून बघायचं.

चहा_कमी_साखर · २३ एप्रिल

मुद्दा राहिलाय. छपराचं पाणी. आत्तापर्यंत सगळे जमिनीतल्या पाण्याबद्दल बोलताय पण वरून येणारं कुठे जाणार? छप्पर बाहेर काढून १४ बाय १२ धरलं तरी १६८ चौरस फूट, साधारण साडेपंधरा चौरस मीटर. १ मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरला १ लिटर. एका दिवसात ५० मिमी झाला, आणि गिरणारेला तो सहज होतो, तर जवळपास ७८० लिटर, म्हणजे २०० लिटरचे चार ड्रम तुम्ही स्वतःच्या पायाशी ओतताय. त्र्यंबककडून ढग आला की शहरापेक्षा तिकडे जास्तच पडतो.

ओळंबा · २३ एप्रिल

चहावाल्यांनी चक्क कामाचं लिहिलंय आज. हो, पन्हळ लावाच. पागोळ्या जमिनीवर पडायला लागल्या की दोन महिन्यात कडेने नाली कोरली जाते आणि शिंतोड्याने खालचं फूटभर लाकूड कायम ओलं. पन्हळीचं पाणी वेगळ्या पाइपाने न्या, कडेच्या चरात सोडू नका. चर जमिनीतल्या पाण्यासाठी आहे, त्यात छपराचं घातलं तर पाणी भोकांतून उलट बाहेर येतं.

चर असा घ्या. घरापासून ३ फूट लांब, वरच्या बाजूला आणि दोन्ही कडांना, खालची बाजू मोकळी. फूटभर रुंद. वरच्या कोपऱ्यात फूटभर खोल सुरू करा आणि प्रत्येक १०० ला १ उतार देत ओघळीकडे न्या. तुमची एकूण लांबी १०० फूट धरली तर चराचा तळ १ फुटाने उतरला, म्हणजे सुरुवातीच्या जमिनीपेक्षा २ फूट खाली. ओघळीजवळ जमीनच २ फूट ३ इंच खाली आहे, म्हणजे ३ इंच हातात ठेवून पाइप बाहेर पडतो. जमतंय बरोबर.

चरात आधी जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), त्यावर २ इंच खडी, मग ४ इंची भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप, भोकं खालच्या बाजूला, परत खडी, वरून कापडाची घडी. घराभोवतीच भोकांचा पाइप. तिथून ओघळीपर्यंत साधा बिनभोकाचा, नाहीतर इकडून गोळा केलेलं पाणी वाटेत परत जमिनीला वाटत जाल.

मळ्यातला_पाहुणा · २४ एप्रिल

भोकं खाली? मला वाटलं वर असतील, पाणी वरून येतं ना.

ओळंबा · २४ एप्रिल

सगळ्यांना तसंच वाटतं. चरात पाणी खालून चढत येतं. भोकं वर ठेवली तर पाइप भरायच्या आधी अर्धा चर भरलेला असतो.

देवळालीची_मनी · २४ एप्रिल

आंबा किती लांब आहे त्या जागेपासून? आमच्याकडे मोठ्या झाडाच्या बाजूने जमीन जास्त आकसते.

मळ्यातला_पाहुणा · २४ एप्रिल

८ फूट. ताई तुम्ही आता झोप उडवलीत.

निवृत्त_सिव्हिल · २५ एप्रिल

मनीताई बरोबर सांगतायत, झाड उन्हाळ्यात पाणी ओढतं, त्या बाजूची माती जास्त सुकते. पण पाय मुरमात आहेत म्हणून घाबरू नका. जमलं तर सगळंच १०-१२ फूट सरकवा, सावली दुपारी तिकडेही येईल. आंबा मात्र तोडू नका, घर आंब्यासाठी आहे, आंबा घरासाठी नाही.

मळ्यातला_पाहुणा · १९ मे

अपडेट. १० फूट सरकवलं.

आखणी मीच केली, ३-४-५ च्या त्रिकोणाने काटकोन धरून, खुंट्या मारल्या, दोऱ्या ताणल्या, खूप अभिमान वाटला. मग सहज कर्ण मोजले, एक १५ फूट ७ आणि दुसरा १५ फूट ११. दोन्ही १५ फूट साडेसात यायला पाहिजेत. मुलगा म्हणाला बाबा हे पतंगासारखं दिसतंय. परत काढलं. सगळ्यांना सांगतो, कर्ण मोजल्याशिवाय टिकाव लावू नका.

नऊ खड्डे झाले, सात ठिकाणी साडेचारला मुरूम, ओघळीकडच्या दोन ठिकाणी साडेपाचला. तिथे गवंडी म्हणत होता सारखेच साडेचारवर थांबू. नाही थांबलो. खांब झाले, भोवती वाळू भरली. काळी माती लोटायला तो फावडं घेऊन आलाच होता, सिव्हिल काका, अगदी तुम्ही म्हणालात तसा.

वरची गवताची ६ इंच माती काढून मुरूम भरला, कासवाची पाठ. मुरमाला पाणी किती मारायचं यावर वाद झाला, तेव्हा शेजारच्या काकांनी मूठ वळून दाखवली. मूठ उघडली तर गोळा राहिला पाहिजे आणि खाली टाकला तर फुटला पाहिजे. चिखल चिकटला तर जास्त, गोळाच झाला नाही तर कमी. म्हणाले जमीन वाफशावर असते ना, तसंच. ५-५ इंचाचे दोन थर, प्रत्येकावर धुम्मस.

आता घोटाळा. मी कंपनीत होतो, दादांना म्हणालो शेतीच्या दुकानातून चरात घालायचं ते कापड आणा, पाण्याचं. त्यांनी आणला शेततळ्याचा कागद. ५०० मायक्रॉन, काळा, चकचकीत. मी संध्याकाळी पोचलो तर ४० फूट चर त्यात व्यवस्थित गुंडाळून, खडी भरून, वरून घडी घालून, वर दगड ठेवून तयार. म्हणजे पाण्याचा एक थेंब आत जाणार नाही अशी पाणी काढायची सोय.

चहा_कमी_साखर · १९ मे

😂😂 त्यात मासे सोडा.

दिंडोरीचा_बागायतदार · १९ मे

कागद फेकू नका, कांद्यावर टाकायला येतो. चरात हिरवी शेडनेट टाका, आमच्याकडे पडलेली आहे हवी तेवढी.

ओळंबा · २० मे

शेडनेट नको. काळ्या मातीचे कण फार बारीक, शेडनेटच्या भोकातून एका पावसात आत. जिओटेक्स्टाइल म्हणजे जाडसर पांढरं किंवा करडं, नमद्यासारखं लागतं हाताला. दुकानात घेताना त्यावर पाणी ओतून बघा, खाली गळलं पाहिजे.

मळ्यातला_पाहुणा · २० मे

दुकानात ओतलं. दुकानदाराचं वहीचं पान भिजलं. पण कापड बरोबर होतं.

मळ्यातला_पाहुणा · २३ जून

समरहाऊस उभं राहिलं, मृगाच्या दोन दिवस आधी, खांबाच्या प्लेटवर नट आवळताना खरंच अंगावर काटा आला. मृग कोरडाच गेला. काल आर्द्रा लागल्यावर पहिला खरा पाऊस. आम्ही मुद्दाम गेलो. सगळे आत बसले होते आणि मी छत्री घेऊन ओघळीच्या काठावर पाइपाचं तोंड बघत. पन्हळीचा पाइप लगेच वाहायला लागला. चराचा पाइप कोरडा. दहा मिनिटं कोरडा, वीस मिनिटं कोरडा. बायकोने आतून विचारलं बाळ झालं का. मग आधी थोडं मातकट, मग करंगळीएवढी धार.

निवृत्त_सिव्हिल · २३ जून

उन्हाळ्याच्या भेगा आधी भरतात, मग ती माती पाणी सोडते. आता ती धार पाऊस थांबल्यावर पण बराच वेळ चालू राहील, बघा.

मळ्यातला_पाहुणा · २८ जुलै

राहिली काका, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होती.

पण या आठवड्यात तीन दिवस झड लागली तेव्हा घराच्या वरच्या बाजूने पाणी चर ओलांडून पृष्ठभागावरून येताना दिसलं, पार मुरमाच्या पाठीला लागून. घराखाली गेलं नाही, पाठीने दोन्हीकडे वळवलं, पण आलं कुठून? शेजारच्या काकांच्या वाफ्यातून. त्यांनी यंदा टोमॅटोचे बेड उताराच्या दिशेने काढलेत, प्रत्येक सरी आमच्याकडे तोंड करून.

ओळंबा · २८ जुलै

त्याला पुरलेला चर काम करत नाही, वरून पळणारं पाणी एवढं पटकन जमिनीत उतरत नाही. बांधाच्या आत आपल्या बाजूला उघडा चर घ्या, ९ इंच खोल, पसरट, गवत राहू द्या त्यात, आणि तिरका ओघळीकडे. आणि काकांशी भांडू नका, मूठ त्यांनीच वळून दाखवली होती.

दिंडोरीचा_बागायतदार · २८ जुलै

बांधावरून पाण्याची भांडणं लागली तर नातू म्हातारे होतात. चहा पाजा आणि काकांनाच विचारा चर कुठून घेऊ.

मळ्यातला_पाहुणा · १८ ऑगस्ट

काकांनीच घेऊन दिला, त्यांच्या बैलांनी, एका फेरीत. मी फावड्याने दोन रविवार घालवणार होतो.

नऊ खांबांवर पेन्सिलने खुणा केल्या होत्या, लेव्हल ट्यूबने परत तपासल्या (बुडबुडा काढून!), आठ जागच्या जागी, ओघळीकडचा एक दीड मिमी खाली, तो पण कदाचित माझाच हात. दारं खिडक्या लागतायत उघडतायत. पाइपाच्या तोंडाला जाळी लावायची राहिली होती, त्यात बेडूक शिरून बसला होता, मनीताईंच्याच घरातला असावा, त्याला काढून जाळी लावली.

जुन्या पत्र्याच्या शेडचं दार अर्थात अजून लागत नाही. तिला उचलून खाली काही करता येईल का, का मोडूनच टाकू?

ओळंबा · १८ ऑगस्ट

मोडू नका. आत्ता काही करू पण नका, माती फुगलेली आहे. डिसेंबरात गाडीचे दोन जॅक आणि रेल्वेच्या स्लीपरचे चार तुकडे घेऊन ठेवा, मी त्या बाजूला येणारच आहे.